अडेलतट्टू, की अडचणीचं खोगीर?

हट्टी माणसाला मराठीत अडेलतट्टू म्हणतात. तट्टांबरोबर थोडे दिवस काढले की हा शब्द त्यांच्यावर अन्याय करतो असं वाटू लागतं. तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की कान पाडून चावायला येणारी, दुडक्या चालीत पाठ खोलगट करून आखडती पावलं टाकणारी, अडथळ्यासमोर ऐनवेळी थबकणारी पोनी अनेकदा हट्ट करतच नसते. तिच्या पाठीत काहीतरी रुतत असतं आणि ते सांगायला तिच्याकडे एवढीच भाषा असते. दात, खूर, पोट यांचं दुखणंही असू शकतं, ते पशुवैद्याने पाहायचं. पण खोगीर तर रोज आपल्याच हातून तिच्या पाठीवर चढतं.

या लेखात पोनीसाठी सर्वसाधारण वापराचं खोगीर, म्हणजे जनरल-पर्पज सॅडल कसं निवडायचं ते पाहू. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या कसरतीच्या, खोगिराची बैठक खोल आणि बाजूचे फ्लॅप जवळजवळ सरळ खाली उतरणारे असतात, कारण स्वाराचा पाय लांब सोडलेला असतो. उड्यांच्या खोगिराचे फ्लॅप पुढे झुकलेले आणि बैठक उथळ असते, कारण रिकिबी आखूड घेतल्यावर गुडघा पुढे येतो. जनरल-पर्पज या दोघांच्या मधलं. फेरफटका, रिंगणातला सराव, लहानसहान उड्या यांना पुरणारं. तडजोड म्हणून त्याला नाकं मुरडणारे भेटतात, पण शिकाऊ स्वार आणि एकच पोनी अशा जोडीला याहून शहाणी निवड नाही.

पोनी म्हणजे घोड्याचं पिल्लू नव्हे, ते शिंगरू. स्पर्धांच्या नियमांत साधारण १४८ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या घोड्याला पोनी म्हणतात. जुन्या मापात हे १४.२ हँड होतं. एक हँड म्हणजे ४ इंच आणि बिंदूनंतरचा २ म्हणजे वरचे २ इंच, दशांश नव्हे. खोगिराच्या दृष्टीने मात्र उंचीपेक्षा घडण महत्त्वाची. बैलाला जिथे वशिंड असतं, साधारण तिथे घोड्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध हाडांचा उंचवटा असतो. घोडेवाले त्याला विदर्स म्हणतात. उंच घोड्यात तो चांगला वर आलेला असतो आणि खोगिराला एका जागी धरून ठेवायला मदत करतो. बऱ्याच पोनींमध्ये तो असून नसल्यासारखा. वर पाठ आखूड आणि रुंद, बरगड्या पिंपासारख्या गोल. पालथ्या मडक्यावर जीन कसायची म्हटलं तर काय होईल? तेच होतं. खोगीर पुढे घसरतं नाहीतर एका बाजूला फिरतं. घोड्यासाठी केलेलं खोगीर आकाराने लहान केलं म्हणून पोनीला बसत नाही, ते यामुळेच.

खोगीर पाहताना एक क्रम पाळला की निम्मे घोळ टळतात. जे बदलता येत नाही ते आधी पाहायचं, जे दुरुस्त होतं ते नंतर. कातड्याच्या आत खोगिराचा सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. लाकडाचा, पोलादी पट्ट्या लावलेला, किंवा कृत्रिम घटकांचा. त्याची लांबी आणि घडण ठरलेली. त्याखालच्या दोन गाद्यांमधलं भरण मात्र कारागीर कमीजास्त करू शकतो. पुष्कळ जण उलट करतात. बैठकीचा मऊपणा आणि चामड्याचा तकाकता रंग पाहून खोगीर घेतात आणि सांगाड्याची चूक गाद्यांनी झाकायला बघतात.

आधी उघडी पाठ

खोगीर बाजूला ठेवा. पोनीला सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखं वजन येईल असं उभं करा. खांद्याचं पातं, म्हणजे मानेच्या बुंध्यापासून खाली तिरकं जाणारं रुंद चपटं हाड, त्याची मागची कड बोटांनी शोधा. मग कुणालातरी तिचा पुढचा पाय हळूच पुढे ओढायला सांगा आणि हात तिथेच ठेवा. पात्याचा वरचा भाग तुमच्या हाताखालून मागे सरकेल. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून स्नायूंनी जणू टांगलेले असतात. म्हणून प्रत्येक पावलाला पातं फिरतं आणि काही सेंटिमीटर मागे येतं. सांगाड्याची पुढची टोकं त्या वाटेत आली तर पोनी प्रत्येक पावलाला त्यांच्यावर आपटते. थोड्याच दिवसांत ती पाऊल आखडून टाकायला शिकते. मग आपण म्हणतो, आळशी आहे.

म्हणून पुढची हद्द पात्याच्या कडेमागे दोन ते तीन बोटं. फ्लॅपचं नुसतं चामडं खांद्यावर आलं तरी चालतं, आतली कडक टोकं यायला नकोत.

मागची हद्द शेवटच्या बरगडीची. घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. कुशीच्या बाजूने चाचपडत शेवटची बरगडी गाठा, तिच्या वळणाने वर कण्यापर्यंत जा आणि तिथे खडूने खूण करा. त्यामागे कमरेचा भाग सुरू होतो. तिथे कण्याला बरगड्यांचा आधार नाही, वजन पेलायला ती जागा नाही. या दोन खुणांमधली जागा एवढंच आपलं आवार, आणि पोनीत ते फार आखूड असतं.

इथे स्वार आणि पोनी यांचं भांडण सुरू होतं. बैठकीचं माप पुढच्या कमानीजवळच्या गोल खिळ्यापासून मागच्या काठाच्या मध्यापर्यंत इंचांत घेतात. लहान मुलांना १५-१६ इंच पुरतात, प्रौढांना १६.५ ते १७.५ किंवा जास्त लागतात. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, त्याच सवयीने खोगीरही एक इंच मोठं घेतलं जातं. कपड्याची जादा बाही दुमडता येते. खोगिराचा जादा इंच मात्र पोनीच्या कमरेवर बसतो. आणि मोठ्या बैठकीत मूल नीट बसायलाही शिकत नाही, मागे-पुढे घरंगळत राहतं. बैठकीच्या मापापेक्षा खालच्या गाद्यांची लांबी मोजा, कारण पाठीला टेकतात त्या गाद्या. काही खोगिरांत गाद्यांची मागची टोकं वर वळवून आखूड केलेली असतात. आखूड पाठीवर जरा मोठा स्वार बसवायचा असेल तर तीच पाहावीत.

तरीही बसत नसेल, तर स्वार त्या पोनीसाठी मोठा झालाय. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावेत असा ढोबळ हिशेब बरेच जण धरतात. २५० किलोच्या पोनीला २० टक्के म्हणजे सगळं मिळून ५० किलो. त्यात खोगिराचेच ६-७ किलो गेले.

सांगाडा: रुंदी आणि कोन

आता पाठीचा साचा घ्या. चित्रकलेच्या सामानात वाकवली की तशीच राहणारी रबरी पट्टी मिळते. ती पात्यामागे दोन बोटांवर पाठीवर आडवी टाकून दाबून बसवा, अलगद उचला आणि पुठ्ठ्यावर आतल्या कडेने रेघ मारा. दुसरा साचा पाठीच्या सगळ्यात खोल जागेचा, तिसरा शेवटच्या बरगडीजवळचा. एक उभाही घ्या, विदर्सपासून मागच्या खुणेपर्यंत कण्याच्या रेषेवरून. पुठ्ठे कापा, प्रत्येकावर तारीख आणि डावी-उजवी बाजू लिहा. दोन्ही बाजू सारख्या क्वचितच असतात. पोनी चरायला मान खाली घालून उभी असताना घेतलेला साचा टाकून द्या, मान खाली गेली की पाठीचा आकार बदलतो.

पहिला पुठ्ठा खोगिराच्या पुढच्या कमानीत धरून पाहा. खोगिरावर नॅरो, मीडियम, वाइड असं लिहिलेलं असतं, पण या शब्दांना सगळ्या कारखान्यांत मिळून एकच माप नाही. शिवाय रुंदी ही अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी कोनाची. एकाच रुंदीच्या दोन घरांवर एक छप्पर उभट उतारावर आणि दुसरं पसरट असू शकतं, तसं. सांगाड्याची टोकं खांद्यामागच्या उताराला समांतर हवीत. सांगाड्याचा कोन उभट आणि पाठ पसरट असेल तर टोकं खाली रुततात. उलट असेल तर सगळा भार वर कण्याशेजारी येतो.

गोल पोनीची खरी अडचण इथे कळते. टोकदार छपरासारखी कमान तिच्या पाठीवर कितीही रुंद घेतली तरी दोन टोकांवरच टेकते. तिला लागते वरून गोल, मडक्याच्या खांद्यासारखी पसरट कमान. कारागीर याला हूप ट्री म्हणतात. मला विचाराल तर विदर्स सपाट असलेल्या पोनीसाठी पहिला प्रश्न ‘किती रुंद’ नव्हे, ‘कमान गोल आहे का’ हा असावा. पुढची पट्टी बदलून रुंदी कमीजास्त करता येणारी खोगिरं मिळतात आणि ती सोयीची आहेत. पण पट्टी फक्त पुढची रुंदी बदलते. मागचा सांगाडा जसा होता तसाच राहतो.

अरुंद खोगीर ओळखणं सोपं. ते पुढून वर उचललेलं दिसतं, स्वार मागे कलतो, भार कमरेकडे जातो. टोकांखालचे स्नायू दबून खांद्यामागे खळगे पडतात. फार रुंद खोगीरही तितकंच वाईट, हे मात्र लक्षात राहत नाही. ते पुढून बसतं, कमान विदर्सवर टेकते, स्वार पुढे झुकतो आणि त्याचे पाय मागे जातात. ‘रुंद घेतलं, आता दुखायचा प्रश्नच नाही’ असं म्हणणाऱ्याच्या पोनीच्या विदर्सवर केस झडलेले दिसतात, ते यामुळे.

वापरलेलं खोगीर घेत असाल तर पाठीवर ठेवण्याआधी सांगाडा शाबूत आहे का पाहा. मागचा काठ मांडीला टेकवून पुढची कमान दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. थोडी लवचीक हालचाल चालते, पण करकर आवाज आला, बैठकीवर आडवी घडी पडली किंवा एकच बाजू जास्त हलली तर ठेवून द्या. कमान दोन्ही हातांनी दाबून आणि पिरगळूनही पाहा. तंगाच्या पट्ट्यांची शिवण आतून बघा, एकेक पट्टा ओढून. हे पोनीसाठी नाही, तुमच्या मुलाच्या हाडांसाठी. चामड्याचं घ्यावं की कृत्रिम, यावर मी वेळ घालवणार नाही. कृत्रिम हलकं असतं आणि धुता येतं, चामडं टिकतं. बसण्याशी दोन्हींचा संबंध नाही.

तंग कुठे जातो

हा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि पोनीच्या बाबतीत सगळं इथेच बिघडतं. तंग तुम्ही कुठेही बांधा, पोनी चालू लागली की तो छातीच्या सगळ्यात अरुंद जागी, कोपराच्या थोडं मागे, सरकतो. पिंपासारख्या पोनीत ही जागा बरीच पुढे असते. खोगिराचे पट्टे त्या जागेच्या मागे लोंबत असतील तर तंग पुढे जाताना खोगिराला सोबत ओढतो, थेट खांद्यावर. मग स्वार उतरतो, खोगीर मागे सरकवतो, पुन्हा बसतो आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच.

म्हणून खोगीर जागेवर ठेवून, तंग न बांधता, बाजूने पाहा. पट्टे त्या अरुंद जागेच्या सरळ वर लोंबतात का? नसतील तर ज्या खोगिराला सांगाड्याच्या अगदी पुढच्या टोकाला जोडलेला जादा पट्टा असतो, ते पाहा. तो पुढून धरतो, खोगीर मागे ठेवतो. मधून पुढे वळलेले खास आकाराचे तंगही असतात, ते छातीवर अरुंद जागी बसतात पण त्यांची टोकं मागच्या पट्ट्यांना जुळतात.

दुमची हा जुना आणि चांगला उपाय आहे. शेपटीखालून जाणारा मऊ गोल पट्टा खोगिराला मागून धरून ठेवतो. उतारावर चालणाऱ्या आणि विदर्स नसलेल्या पोनीला ती लावण्यात काही कमीपणा नाही. फक्त तिची सवय हळूहळू करा, पहिल्यांदा शेपटीखाली पट्टा गेल्यावर दुगाण्या झाडल्या तर दोष तिचा नाही. छातीपट्टा मात्र खोगीर मागे जाऊ नये म्हणून असतो. पुढे घसरणाऱ्या खोगिराला तो लावून उपयोग नाही, तरी लावलेला दिसतो. आणि सगळ्यात वाईट उपाय म्हणजे तंगच आणखी आवळणं. खोगीर फिरतं ते आकार जुळत नाही म्हणून. आवळून बरगड्या मात्र दबतात.

खोगीरभरती

मराठीत निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती म्हणतात. ज्याने हा अर्थ रूढ केला त्याने बहुधा खोगीर स्वतः भरलं नसावं, कारण गाद्यांमधलं भरण हे बारकाईचं काम आहे. लोकरीचं असेल तर कारागीर ते काढून-घालून पाठीप्रमाणे जुळवतो. फोमचं असेल तर बदल फारसा होत नाही, तो विचार घेतानाच करावा.

खोगीर पाठीवर विदर्सच्या थोडं पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेने मागे सरकवा. ते आपोआप एका जागी थांबतं. आता मागून पाहा. दोन गाद्यांच्या मधली पन्हळ सरळ दिसायला हवी, पुढून मागेपर्यंत दोन-तीन बोटं रुंद, कुठेही कण्याला न टेकता पलीकडचा उजेड दाखवणारी. पुढे रुंद आणि मागे चिंचोळी होणारी पन्हळ मणक्यांच्या टोकांना घासते. वळताना खोगीर जरा सरकतंच, त्याची जागा धरून हे माप आहे.

मग तंग हलका बांधून गादीखाली सपाट हात घाला आणि पुढून मागे न्या. दाब सारखा लागला पाहिजे. पुढे दाब, मध्ये पोकळी, मागे पुन्हा दाब असेल तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर उभं आहे. स्वाराचं सगळं वजन चार ठिपक्यांवर येणार. याउलट मध्येच टेकून खोगीर पाळण्यासारखं डुलत असेल, तर सांगाडा पोनीच्या सपाट पाठीला फार वाकडा आहे. किंचित पोकळी भरण भरून जाते. मोठी पोकळी किंवा डुलणं जात नाही, कारण तो सांगाड्याचा दोष. भरण्याची गोष्ट आली की एवढंच विचारायचं, चूक गादीत आहे की हाडात?

बैठकीचा सगळ्यात खोल भाग मध्यावर येतो का तेही पाहा. तिथे ठेवलेली गोल पेन्सिल जिकडे घरंगळेल तिकडे स्वार घरंगळणार.

आणि खोगिराखाली वेगळ्या घालायच्या जाड गाद्या, जेलचे थर, मेंढीच्या कातड्याचे पॅड? घट्ट चपलेत जाड मोजा घातला तर चप्पल सैल होत नाही. अरुंद खोगिराखाली जाड पॅड घालणं तेच. जरा रुंद खोगिराला पातळ पॅड थोडे दिवस सांभाळून घेतं, बस. कोणतंही पॅड घाला, ते पन्हळीत वर ओढून घ्या. विदर्सवर ताणून बसलेलं कापड खोगिराइतकंच कापतं.

स्वार बसल्यावर

इथपर्यंत सगळं जुळलेलं खोगीर स्वार बसल्यावर नापास होऊ शकतं, म्हणून चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. चढताना ओट्यावरून चढा. जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन लोंबकळत चढलं की खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि वर्षानुवर्षं तसंच केलं तर सांगाडा पिळवटतो. स्वार बसल्यावर पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं उभी जायला हवीत, बाजूंनाही थोडी मोकळीक हवी. सपाट विदर्सवर ही जागा जास्तच दिसेल, ते ठीक.

मग चाल, दुडकी, कँटर म्हणजे संथ दौड, दोन्ही बाजूंना वळणं. कुणीतरी मागून आणि बाजूने पाहावं. मागचा काठ प्रत्येक पावलाला उचलून आपटतोय का? खोगीर एकाच बाजूला फिरतंय का? तसं असेल तर स्वार वाकडा बसतोय का, पोनीचा एखादा मागचा पाय दुखतोय का, हेही तपासा. मागच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्यांवर खोगीर एका बाजूला घसरतं हे अनेकदा दिसून आलंय.

अर्धा तास घाम निघेल असं काम झाल्यावर खोगीर उचला. पन्हळीखालची पट्टी कोरडी असणारच. पण घामेजल्या पाठीत रुपयाएवढा कोरडा ठिपका दिसला, तर तिथे इतका दाब आला असावा की घामच आला नाही, किंवा तिथे खोगीर टेकतच नाही. कोणतं ते हाताने दाबून कळतं. पोनी कातडी थरथरवते, पाठ खाली घेते. खोगिराखाली उगवलेले पांढरे केस ही जुनी जखम. दाबाने केसांच्या मुळांचं नुकसान झालं की तिथे रंगाशिवाय केस येतात, आणि ते त्या पोनीच्या आधीच्या मालकाबद्दलही पुष्कळ सांगतात.

लोकरीचं नवं भरण काही महिन्यांत दबतं, म्हणून पहिल्या वर्षात कारागिराकडून एकदा तरी तपासून घ्या. पोनी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत अंगाने बदलतेच. नंतरही ओलं गवत मुबलक मिळालं की पोनी फुगतात, काम वाढलं की पाठीवर स्नायू चढतात. दर तीन-चार महिन्यांनी नवा साचा घेऊन जुन्या पुठ्ठ्यावर ठेवून पाहा. कडा बाहेर आल्या तर लगेच मोठं खोगीर शोधायला निघू नका. आधी मानेवर हात फिरवा. मानेचा माथा कडक झाला असेल, बरगड्या चाचपून लागत नसतील आणि पाठीच्या मधोमध पन्हळ पडली असेल, तर ते स्नायू नव्हेत, चरबी आहे. लठ्ठ पोनीला खुरांच्या आतल्या सुजेचा, लॅमिनायटिसचा, धोका असतो. तेव्हा आधी गवत मोजून द्यायचं, आणि जुनं खोगीर तोवर खुंटीवरच राहू द्यायचं.